फिकेपणा कुणाचा?

एकोणिसाव्या शतकातल्या डच निसर्गरेखाटनात पुष्कळदा चित्रापेक्षा कागदच जास्त असतो. खाली क्षितिजाची रेघ, तिच्यावर पवनचक्की, चर्चचा मनोरा, बांधावरची चार झाडं. वरचा सगळा कागद कोरा. ते आकाश आहे, हे आपण विनातक्रार मान्य करतो. पंचाईत होते ती रेघाही पुसट झाल्या की. मग धुकं दिसू लागतं, उदासी दिसते, काळाच्या पोटात गेलेलं खेडं दिसतं. पुसट चित्रावर लिहिताना समीक्षकाची लेखणी फार लवकर पाघळते.

अर्थ लावण्याआधी जरा रुक्ष चौकशी करावी. हा फिकेपणा आणला कुणी? पेन्सिलीतलं ग्राफाइट उजेडानं विटत नाही. तेव्हा रेघ पुसट असेल तर एक तर हात हलका होता, नाहीतर ती नंतर घासली गेली. व्हॅन गॉख हेगमध्ये असताना सुताराच्या जाड पेन्सिलीनं चित्र काढून त्यावर दूध फिरवायचा. रेघ पक्की बसावी, तिची चकाकी जावी म्हणून. एवढा खटाटोप करणाऱ्याला पुसटपणाची हौस नसणार.

शाईचं गणित निराळं. जुलै १८८८ मध्ये तो फ्रान्समध्ये आर्लजवळच्या माँमाजूरच्या टेकडीवर बसून चित्रं काढत होता. खालचं ला क्रोचं सपाट मैदान पाहून त्याला रॉइसडाल आणि कोनिंक हे मायदेशातले सतराव्या शतकातले चित्रकार आठवले. तिथल्याच एका रेखाटनाची शाई आज फिकट तपकिरी दिसते. मूळची ती जांभळी होती. त्या काळी नव्यानं निघालेला कृत्रिम रंग तिच्यात होता, आणि असले रंग उजेडात टिकत नाहीत. आज जो मवाळपणा आपल्याला भावतो, तो निदान काही अंशी या रसायनाचा आहे.

यात एक बारीक फसगत आहे. बोरूच्या टाकात शाई भरलेली असताना फटकारा गडद उमटतो, शाई संपत आली की कोरडा. दूरचं शेत, कुंपण, झुडपं बारीक ठिपक्यांनी दाखवलेली असतात. शाई उडू लागली की हे पातळ भाग आधी नजरेआड होणार. म्हणजे ज्याला आपण ‘दूरवरची शांत पोकळी’ म्हणतो, तिथे एकेकाळी पिकांची दाटी असू शकेल. कोरा कागद आणि कोरा झालेला कागद यांत फरक करायचा तर भिंग घेऊन रेघेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जावं लागतं. ते कष्ट टाळून लिहिलेली रसग्रहणं मला कामाची वाटत नाहीत, भाषा कितीही देखणी असो.

अर्थात आजचं तपकिरी चित्रही सुंदर आहे, ते नाकारायचं कारण नाही. फक्त त्याचं श्रेय वाटून द्यावं लागतं. त्यात आता आणखी एक वाटेकरी आला आहे. उरलेली शाई वाचावी म्हणून संग्रहालयं कागदावरची चित्रं साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात, तीही थोड्याच काळासाठी मांडतात. आधीच विटलेलं चित्र प्रेक्षकाला त्या अंधुक दालनात आणखी एक छटा फिकं दिसतं.