काजळ आणि नजर

एकाच गाडीचे बेस मॉडेल आणि स्पोर्ट मॉडेल शेजारीशेजारी उभे केले, की फरक आधी हेडलाइटमध्ये दिसतो. बेस मॉडेलच्या दिव्यात सगळे चंदेरी असते: मोठा परावर्तक आणि मधोमध हॅलोजनचा बल्ब. स्पोर्टमध्ये आतली चौकट काळी, काचेमागे प्रोजेक्टरचे भिंग आणि कडेने दिवसाही पेटलेली एलईडीची रेघ. गाडी जणू भुवया आक्रसून बघते. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे दिवे गोल असत. त्यांवरून मालकाने किती पैसे मोजले ते ओळखू येत नसे.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि 1994 पासून विद्यापीठ. तरुणांच्या अशा वस्तीत गाडीच्या ‘लूक’वर गप्पा रंगणारच. त्या गप्पांत एक प्रश्न मात्र राहून जातो: यातले दिसण्यासाठी किती आणि बघण्यासाठी किती?

काळी चौकट निव्वळ दिसण्यासाठी. काजळाने डोळा उठून दिसतो, नजर वाढत नाही. भिंगाचे तसे नाही. डिपरवर असताना प्रोजेक्टरमधला पडदा वर जाणारा प्रकाश कापतो. दिवा नीट बसवलेला असेल तर रस्ता उजळतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. म्हणून नकलेतच धोका आहे. बेस मॉडेलला स्पोर्टचा थाट यावा म्हणून काचेवर काळी फिल्म चिकटवली, की आधीच बेताचा असलेला उजेड आणखी घटतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब कोंबला, की प्रकाश भलतीकडे फाकतो.

पण खरी विषमता कारखान्यातूनच येते. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2016 मध्ये 31 मध्यम आकाराच्या गाड्यांचे हेडलाइट तपासले. ‘चांगला’ शेरा एकाच गाडीला मिळाला, टोयोटा प्रियस व्ही. तोही एलईडी दिवे घेतले तर. हॅलोजनवाल्या त्याच गाडीला ‘वाईट’ ठरवले गेले. गाडी एक, रात्री दोन! पुढे 2020 पासून संस्थेने आपल्या सर्वोच्च मानांकनासाठी अट घातली, की ‘चांगले’ किंवा ‘स्वीकारार्ह’ शेऱ्याचे दिवे गाडीच्या प्रत्येक मॉडेलला हवेत. आपल्याकडे 2023 मध्ये भारत एनकॅप आले, पण त्याचे तारे प्रामुख्याने धडकेत माणूस किती वाचतो यावर मिळतात. धडक टाळणाऱ्या उजेडाचा हिशेब त्यांत नाही.

तो हिशेब नांदेड-लातूर रस्त्यावर लागतो. विष्णुपुरी ओलांडून लोह्याकडे निघाले, की पथदिवे मागे पडतात. उसाच्या हंगामात पुढे अचानक ट्रॉली उभी असते. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ती किती अंतरावरून दिसली, यावर सगळे अवलंबून.

सनरूफ, अलॉय चाके, मोठा स्क्रीन टॉप मॉडेललाच द्यावेत. ती ज्याची त्याची हौस. एअरबॅगसुद्धा आत बसलेल्यांनाच वाचवते. हेडलाइटचे तसे नाही. कडेने सायकल रेटणारा आणि बैलगाडी हाकणारा ऊसतोड कामगार यांचाही जीव त्या उजेडावर असतो, आणि मॉडेल निवडताना त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून हेडलाइटचा रंगढंग गिऱ्हाइकाच्या खिशाने ठरवावा. उजेड मात्र नियमानेच ठरवला पाहिजे, आणि तो सगळ्यांत स्वस्त मॉडेलपासून.