वाजवायचं काय आणि साथीला काय

पहिला चांगला सिंथेसायझर घ्यायचं मनात आलं की माणूस बहुधा आवाजांची तुलना करत बसतो. एका बाजूला खऱ्या मिनीमूगचा सूर, दुसऱ्या बाजूला त्याच मिनीमूगच्या सॉफ्टवेअर प्रतिकृतीचा, आणि हेडफोन लावून दोन्हींतला फरक शोधण्यात महिने जातात. ॲनालॉग वाद्यातली ऊब कॉम्प्युटरला साधत नाही, असं काही जण ठासून सांगतात. पूर्ण गाण्यात ती ऊब कुणालाही ओळखता येत नाही, असं बाकीचे. माझ्या मते या वादात आता फारसा जीव उरलेला नाही. ‘डिवा’सारखं प्लगइन २०११ साली आलं, आणि सर्किटचं वागणं गणिताने उभं करण्याची विद्या त्यानंतर आणखी पुढे गेली. केवळ आवाजासाठी मोठी रक्कम मोजावी, असं मी कुणाला सांगणार नाही. तरीही पहिलं वाद्य हातात धरता येईल असंच असावं, या मताचा मी आहे. त्याचं कारण कानापेक्षा हाताशी जास्त जोडलेलं आहे.

आपल्या संगीतात हा निवाडा केव्हाच होऊन गेला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. पुढे ठेका देणारी यंत्रं आली, लेहऱ्याची आली, आणि आता हे सगळं फोनमधल्या ॲपवर असतं. तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेतही सकाळी रियाजाला बसणारी मुलगी फोनवरच तानपुरा लावते. एकट्याने तबल्याचा रियाज करणारा मुलगा त्रितालाचा लेहरा सुरू करतो, पट्टी जुळवतो, लय हवी तेवढी वाढवतो. यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि वाटूही नये. पण तो मुलगा तबला मात्र तबल्यावरच वाजवतो. कायदा बसवण्यासाठी त्याला शाईवरचं बोट हवं असतं, किनारीचा स्पर्श हवा असतो, डग्ग्यावर मनगटाचा दाब हवा असतो. साथ फोनमध्ये गेली, वाद्य हातात राहिलं.

सिंथेसायझर घेणाऱ्याने नेमकी हीच विभागणी करावी. गाण्यात मागे भरून राहणारे स्वरमेळ, तंतुवाद्यांचे थर, तालाचे थर ही सगळी साथ आहे. ती सॉफ्टवेअरवर उत्तम होते. सॉफ्टवेअरवर शंभर थर एकावर एक चढवता येतात, सहा महिन्यांनी प्रकल्प उघडला तरी प्रत्येक आवाज होता तसाच परत मिळतो, आणि ‘सर्ज’ किंवा ‘वायटल’सारखी ताकदीची वाद्यं फुकट मिळतात. पण ज्या एका आवाजातून तुम्ही स्वतः बोलणार आहात, जो गाण्यात पुढे येऊन गाणार आहे, त्याला शरीर हवं.

शरीर म्हणजे काय, ते १९७० साली बाजारात आलेल्या मिनीमूगवर फार स्पष्ट दिसतं. पट्ट्या ४४, आणि एका वेळी एकच स्वर. वरच्या पॅनेलवर डावीकडून उजवीकडे गेलं की आवाजाचा सगळा प्रवास दिसतो: आधी तीन ऑसिलेटर, मग त्यांचं मिश्रण, मग फिल्टर, शेवटी बाहेर पडणारा आवाज. स्मरणशक्ती नाही. काल सापडलेला आवाज आज हवा असेल तर प्रत्येक नॉबची जागा कागदावर टिपून ठेवावी लागते. आणि त्याच्या पट्ट्यांची एक खोड आहे. दोन स्वर एकदम दाबले तर तो खालचाच स्वर धरतो. म्हणजे खालचा सा दाबून ठेवून वरच्या प वर बोट टाकलं तर काहीच घडत नाही. पण प दाबून ठेवून खालच्या सा वर बोट टेकवलं की सा लागतो, आणि ते उचलताच प परत येतो. शिवाय आधीची पट्टी सुटण्यापूर्वी पुढची दाबली तर नव्याने ठोका पडत नाही, स्वर नुसता सरकतो. ठोका हवा असेल तर सगळी बोटं उचलावी लागतात. ग्लाइडचा नॉब थोडा उघडला की हाच नियम मींडेचा नियम होतो: कुठे बोट धरून ठेवायचं आणि कुठे सोडायचं, यावर वाक्याचा सगळा डौल ठरतो. डाव्या हाताखाली दोन चाकं, एक स्वर वाकवायला, दुसरं कंप द्यायला. काही महिन्यांत हे सगळं बोटांत मुरतं आणि त्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. हात बसतो.

सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती यातला प्रत्येक नियम पाळू शकते, आणि चांगल्या प्रतिकृती पाळतातही. अडचण नॉबच्या चित्राची आहे. माऊसने एका वेळी एकच नॉब फिरतो. फिल्टर उघडता उघडता त्याचा रेझोनन्स कमी करणं, हे दोन बोटांचं साधं काम तिथे होत नाही. मग माणूस नॉब असलेला मिडी कीबोर्ड जोडतो. नेहमीचा मिडी नॉब ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्यांत चालतो. फिल्टरचा पल्ला दहा सप्तकांचा धरला तर एक पायरी जवळजवळ एका अर्धस्वराएवढी होते. प्लगइनने त्या पायऱ्या आतून गुळगुळीत केल्या नाहीत, तर रेझोनन्स वाढवल्यावर त्या चक्क ऐकू येतात. त्याहून मोठी गोष्ट ही, की आज तिसरा नॉब या प्लगइनचा कटऑफ असतो आणि उद्या दुसऱ्या प्लगइनचा एको. जागा बदलत राहिली तर हात कसा बसणार?

लेटन्सीची तक्रारही नेहमी होते. ती मला तितकी गंभीर वाटत नाही. २५६ सॅम्पलचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ६ मिलिसेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात हवेतला आवाज साधारण दोन मीटर जातो. इंटरफेसचा स्वतःचा उशीर त्यात मिळवला तरी बऱ्या इंटरफेसवर हे निभतं.

मात्र लोखंडी पेटी घेतली की हात आपोआप बसतो, असंही नाही. यामाहाचं डीएक्स७ १९८३ साली आलं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीवर बांधलेलं ते विलक्षण वाद्य होतं: सहा ऑपरेटर, त्यांच्या ३२ मांडण्या, एका वेळी १६ स्वर. पण पॅनेलवर सपाट बटणांच्या रांगा, एक छोटा पडदा आणि किंमत बदलायला एक स्लायडर. बहुतेक वादकांनी त्यात भरून आलेलेच आवाज वाजवले, आणि त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत तोच तो इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. उलट १९९५ चं नॉर्ड लीड घ्या. आत सगळं डिजिटल, म्हणजे खरं तर पेटीत बसवलेलं सॉफ्टवेअरच. पण बाहेर प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब. माझ्या हिशेबात नॉर्ड लीड वाद्याच्या जास्त जवळ आहे. आतली वीज ॲनालॉग की डिजिटल, हे मी शेवटी पाहीन.

साथ आणि वाद्य यांची ही विभागणी सर्वांत सुंदर कुठे झाली असेल तर ती मुंबईत, १९८२ साली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. टीआर-८०८ ठेका धरत होतं. टीबी-३०३, बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलेली ती छोटी चंदेरी पेटी, स्वरांची तीच तीच ओळ फिरवत राहिली, अगदी लेहऱ्यासारखी. आणि ज्युपिटर-८ वर सिंग स्वतः राग वाजवत होते. यंत्रांवर सोपवण्यासारखं होतं ते त्यांनी निःसंकोच सोपवलं, आणि आलापाची जबाबदारी स्वतःच्या बोटांवर ठेवली. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी ऐकली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ च्या नॉबशी खेळताना ॲसिड हाउस जन्मलं, आणि २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना त्या दोन आवाजांतलं साम्य ऐकून धक्का बसला. मला मात्र त्या साम्यापेक्षा ललत आणि मालकंस वाजवणारा तो हात जास्त महत्त्वाचा वाटतो. अनेक वर्षं तारा दाबलेला हात होता तो, आणि स्वर कसा वाकतो हे त्याला ठाऊक होतं.

टिकाऊपणाच्या बाबतीत दोन्हीकडे रडगाणं आहे. १९८४ च्या जुनो-१०६ मधल्या आवाजाच्या चिपा त्यांच्यावरच्या लेपामुळे एकेक करून बिघडतात. दुरुस्त करणारे तो लेप ॲसिटोनमध्ये विरघळवून त्या पुन्हा जिवंत करतात. सॉफ्टवेअरला असा ॲसिटोन नसतो. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं थांबवलं आणि निर्मात्यांनी ज्यांना नवं रूप दिलं नव्हतं ती कितीतरी प्लगइनं त्या मशीनवर कायमची गप्प झाली.

म्हणून, खिशात अजून पैसे नसतील तर एक फुकटचं सॉफ्टवेअर वाद्य घ्या, बाकीची काढून टाका, आणि साधा कीबोर्ड जोडून त्याचे नॉब एकदाच ठरवून मग वर्षभर हलवू नका. पैसे जमले की स्वरसंख्येचा मोह सोडा. दुकानदार आठ किंवा सोळा स्वरांचं यंत्र पुढे करेल, पण तेवढे स्वर साथीला लागतात आणि साथ तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेच. एक किंवा चार स्वरांचं, पट्ट्या पूर्ण मापाच्या, स्वर वाकवायला चाक आणि प्रत्येक कामाला एक नॉब असलेलं यंत्र निवडा. दुकानात तयार आवाज ऐकू नका. सगळ्यात साध्या, कोऱ्या आवाजापासून सुरुवात करा, पडद्याला हात न लावता कटऑफ आणि ग्लाइड शोधा, आणि यमनमधला नि-रे-ग जोडून वाजवून पाहा. ग वर पोहोचताना स्वर तुम्हाला हवा तिथे, हवा तेवढाच वेळ सरकला, तर किंमत विचारा.