हेड विचारलंस का?

या चिरंजीव, बसा. नको, उभाच राहा. बसून ऐकावं असं काही तू केलेलं नाहीस.

टेबलावरचा हा प्रकार तुझाच ना? लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाडून आत कूलरचा पंप, त्यातून निघालेली पारदर्शक नळी, नळीत चहाच्या रंगाचं पाणी. आणि याला तू आठवडाभर ‘कस्टम वॉटर कूलिंग’ म्हणून वर्गात मिरवत होतास. ग्राफिक्स कार्ड महागातलं घेतलंस, त्यावर तांब्याचा ब्लॉक चढवलास, रेडिएटर ३६० मिलिमीटरचा आणलास. आणि पाणी फिरवायची वेळ आली तेव्हा भद्रकालीत जाऊन कूलरचा पंप उचललास. आधीच्या सगळ्या खर्चाचं मातेरं!

पंप कशावरून निवडलास म्हणून विचारलं, तर उत्तर काय? ‘सर, कॅबिनेट दोन फुटांचं आहे, पंपाचं हेड १.८५ मीटर. तिप्पट झालं. शिवाय तासाला ११०० लिटर.’ हिशोब न करणाऱ्याला मी एकवेळ माफ करीन. तू खोक्यावरचे आकडे वाचलेस, भागाकारही केलास, आणि तरी एकही गोष्ट समजून घेतली नाहीस.

तुझं घर निफाडकडे, वडिलांची द्राक्षबाग आहे. ते पिंपळगावला मोटर घ्यायला जातात तेव्हा दुकानदार आधी काय विचारतो? विहीर किती परस, पाइपलाइन किती लांब, किती इंची, बेंड किती, ड्रिपला प्रेशर किती ठेवायचं. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर हेड, हे वडिलांना तोंडपाठ असणार. त्यांच्यासोबत बागेत वाढलास, आणि एम. जी. रोडवरून ब्लॉक-रेडिएटर घेऊन आलास तेव्हा हे सगळं कुठे गेलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता नीट ऐक, कारण हे मी गेल्या सत्रातही शिकवलं होतं आणि तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. विहिरीचं पाणी वर चढवून बागेत सोडायचं असतं, ते परत खाली येत नाही. म्हणून तिथे उंची मोजायची. तुझ्या संगणकात पाणी जेवढं चढतं तेवढंच उतरतं. नळ्या एकदा काठोकाठ भरल्या की चढत्या बाजूचं वजन उतरत्या बाजूने तोललं जातं. पहिल्यांदा भरताना उंची लागते, पुढे तिचा हिशोब शून्य. म्हणजे ज्या दोन फुटांवर तू सगळं गणित बेतलंस, ते गणितात नव्हतेच.

मग हेड खातं कोण? घर्षण. ब्लॉकचं झाकण तू उघडून पाहिलंस का? मी पाहिलं. आतल्या तांब्याच्या पात्यांमधल्या फटीत नख जात नाही, ब्लेडचं टोक जेमतेम शिरतं. त्यातल्या निम्म्या फटी पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. बोअरचं पाणी भरलंस ना? डिस्टिल्ड वॉटर आणायचा कंटाळा! त्या बारीक फटी, दोन काटकोनी बेंड, रेडिएटरच्या चपट्या नळ्या, हे सगळं मिळून तुझं हेड गिळतं. खोक्यावर जे ११०० लिटर लिहिलंय, ते पुढे काहीच अडवणारं नसताना मिळतं. जे १.८५ मीटर लिहिलंय, ते पाणी अजिबात हलत नसताना. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पंप खरा कुठे चालतो ते या दोन टोकांमधल्या एच-क्यू, म्हणजे हेड-प्रवाह, आलेखावर दिसतं. तो आलेख खोक्यावर नव्हता, मग तू मागितलास का? हेड विचारलंस का?

आणि २३० व्होल्टची वायर पाण्याच्या बरणीत, बरणी लोखंडी कॅबिनेटच्या पोटात. यावर मी काय बोलू? तुझी आई घरी वाट बघते, एवढंच सांगतो.

मागे हसतोय कोण? तूही पुढे ये. तुझी वही पाहिली मी. एक प्रोसेसर, एक ग्राफिक्स कार्ड, आणि पंप दोन, दोन्ही डी-५! का, तर ‘जितका प्रवाह तितका थंडावा’. कर हिशोब फळ्यावर. पाण्यात ४०० वॅट उष्णता येते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरलं तर एका फेरीत ते साधारण १.४ अंशांनी तापतं. प्रवाह दुप्पट केलास, ८ लिटर, तर ०.७ अंशांनी. पाण्याचा लाभ पाऊण अंशाचाही नाही. ब्लॉकवरून पाणी जोरात गेल्याने आणखी थोडं मिळेल, नाही म्हणत नाही. पण प्रवाह दुप्पट करायला हेड जवळपास चौपट लागतं, ते तुझा दुसरा पंप देणार नाही. उष्णता मात्र तो नक्की देईल, कारण पंपाने खाल्लेली वीज शेवटी बहुतेक पाण्यातच उतरते. नाशिकची हवा थंड म्हणायचे दिवस गेले; एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. खोलीत ३८ अंश असतील तर रेडिएटरमधून बाहेर पडणारं पाणी ३८च्या खाली येणार नाही, मग पंप दोन लाव नाहीतर दहा. पैसे जास्त झाले असतील तर रेडिएटर मोठा घे.

पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये, सी-डॅकचा ‘परम ब्रह्म’ महासंगणक २०१९ पासून आहे. तिथेही उष्णता वाहून न्यायला पाणीच आहे. एवढी यंत्रणा कुणी खोक्यावरचे लिटर वाचून उभारत नाही.

आता दोघंही लिहून घ्या. तुमच्या कामाला पंप दोनच, डी-५ किंवा डीडीसी. दोन्ही मूळ लाइंग कंपनीचे, १२ व्होल्टवर चालणारे. डी-५चं हेड चार मीटरच्या आसपास, आवाज कमी, अंगाने दणकट. १८ वॅटची डीडीसी आकाराने लहान, हेड पाच मीटरच्या वर, पण बुडाशी तापते, तिला वारा लागतो. अरुंद कॅबिनेट असेल तर डीडीसी, नाहीतर एक डी-५, पीडब्ल्यूएमवाला. दुसऱ्याचा विचारही नको. वीज थेट एसएमपीएसमधून द्यायची. मदरबोर्डचा साधा फॅन हेडर एक अँपिअरचा, म्हणजे १२ वॅटचा. पूर्ण वेगातला डी-५ त्याहून जास्त ओढतो. हेडरला फक्त वेगाच्या सिग्नलच्या तारा. पंप थांबला तर बोर्डाला कळलं पाहिजे आणि संगणक बंद झाला पाहिजे. कूलरचा पंप थांबला असता तर तुला केव्हा कळलं असतं? कार्ड तापून पडदा काळा झाल्यावर.

टाकी पंपाच्या वर, पंपाच्या तोंडाशी. हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. आणि कोरडे चालवू नका, हवा पाहायची म्हणून दोन सेकंदही नाही. आतलं बेअरिंग पाण्यावरच जगतं. शेतातली मोटर हवा धरते तेव्हा वडील धावत जाऊन स्टार्टर पाडतात, ते उगाच नाही.

बरणी आणि पंप आज इथेच राहतील. ब्लॉक घरी ने, लिंबाच्या फुलाच्या सौम्य पाण्यात भिजवून पाती मोकळी कर, मग डिस्टिल्ड वॉटरने धू. सोमवारी दोघांनीही निवडलेल्या पंपाचा एच-क्यू आलेख ग्राफ पेपरवर काढून आणायचा, त्यावर तुमच्या ब्लॉक-रेडिएटरचा रोध मांडायचा, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे मिनिटाला किती लिटर मिळतात ते लिहायचं. ते लिहिल्याशिवाय जर्नलवर माझी सही होणार नाही. जा आता.