लेकराचा प्रश्न व आमचा उपदेश

पावसाळा सरल्यावर एके दिवशी आम्ही आपल्या आठ वर्षांच्या कन्येस घेऊन तळ्याहून कुडा येथील लेणी पाहावयास गेलो. राजपुरीच्या खाडीजवळील डोंगरात कोरलेली ही २६ बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांची जुनी आहेत. त्यांतील ब्राह्मी लिपीच्या लेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे. त्यांत कोणी माळी आहे, कोणी वैद्य, कोणी लोखंडाचा व्यापारी. हे आम्ही सांगत असता मुलीने विचारिले, "बाबा, आपण दान दिले हे सगळ्यांना कळावे म्हणून त्यांनी नाव लिहिले का?"

उपदेशाची अशी संधी पाळकाने दवडावी कशी? आम्ही लागलीच सांगितले की, उजव्या हाताने दिलेले डाव्या हातासही कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे. ती थोडा वेळ मुकाट्याने चालली. मग म्हणाली, "तर मग आपल्या देवळातल्या पाटीवर तुमचे नाव का आहे?"

वाचकहो, ती पाटी छपराच्या दुरुस्तीस ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या नावांची आहे, आणि तीत आमचे नाव तिसरे आहे. आम्ही म्हणालो, "ते पाहून इतरांसही देण्याची इच्छा व्हावी म्हणून." ती म्हणाली, "मग त्या माळ्यानेही त्यासाठीच लिहिले असेल."

येथे आमचे तोंड बंद झाले. परक्याच्या दानास आम्ही एक माप लाविले होते व आपल्या दानास दुसरे. त्या माळ्याचे अंतःकरण आम्हांस ठाऊक नव्हते. आपले मात्र ठाऊक होते, आणि तेच आम्ही तपासले नव्हते.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर बरे होते. परंतु पुढच्या रविवारी आम्ही हा सर्व प्रसंग व्यासपीठावरून सांगितला. मंडळी हसली, कित्येकांनी नंतर आमच्या नम्रतेची वाखाणणी केली. मुलगी मात्र मान खाली घालून बसली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी ते तुम्हांला सांगितले होते, सगळ्यांना नाही."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. लेकराने आमचा दोष दाखविला, आणि तो दोषच आम्ही आपल्या मोठेपणाचे साधन केला. पाटीवरचे नाव खटकले म्हणून आम्ही बोलावयास उभे राहिलो, आणि बोलता बोलता दुसरी पाटी कोरली.

आईबापांनी घरी बसता व वाटेने चालता लेकरांशी देवाच्या वचनाविषयी बोलावे, अशी मोशेच्या द्वारे आज्ञा आहे. आम्ही ती नेहमी अशीच वाचली की, बोलावे आईबापांनी आणि ऐकावे लेकरांनी. मराठी मिशनने 'बालबोधमेवा' काढिल्यापासून लेकरांस शिकविण्यासाठी आमच्या लोकांनी पुष्कळ लिहिले, आणि ते योग्यच झाले. पण वाटेने दोघे चालतात, तेव्हा बोलणेही दोघांचे असते.

तर मग लेकराच्या बोलण्यात बोध शोधूच नये काय? शोधावा, परंतु तो प्रथम कोणासाठी आहे हे ओळखावे. शिष्यांमध्ये थोर कोण असा वाद निघाला तेव्हा प्रभूने एका बाळकास त्यांच्यामध्ये उभे केले. त्या बाळकाचे नाव शुभवर्तमानात नाही, त्याच्या तोंडचा एक शब्दही नाही. बोध शिष्यांस मिळाला, आणि बाळक आपल्या घरी खेळावयास गेले असेल. लेकरू प्रश्न विचारते ते आम्हांस दृष्टांत पुरविण्यासाठी नव्हे, तर त्यास उत्तर हवे असते म्हणून. ते उत्तर खरेपणाने द्यावे. ठाऊक नसल्यास तसे सांगावे. आणि उत्तर आपल्या वागणुकीतून द्यावयाचे असेल, तर आधी वागावे आणि मग बोलावे. हा क्रम आम्ही उलटा केला होता.

शेतावरून परतताना, होडीत किंवा चुलीपुढे तुमचीही लेकरे असे काही विचारीत असतील. ते शेजाऱ्यास सांगून हसण्यापूर्वी त्यावर एक रात्र काढा, एवढीच आमची विनंती आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही मुलीची परवानगी मागितली. तिने बराच विचार केला व म्हणाली, "लिहा, पण माझे नाव घालू नका. आणि पाटीचे काय झाले तेही लिहा."

तेव्हा लिहितो. पाटी अजून जागीच आहे. आमचे नाव काढावे अशी विनंती आम्ही पंचांस केली. ते म्हणतात, एकाचे नाव काढिले तर बाकीच्यांचा अपमान होईल; आणि ज्यांनी पैसे नसल्यामुळे दोन दिवस डोक्यावर कौले वाहिली, त्यांची नावे तीवर नाहीत याचे काय, असेही एकाने विचारिले. पुढच्या सभेत यावर निकाल व्हावयाचा आहे. तोवर दर रविवारी देवळात शिरताना ती एकदा पाटीकडे पाहते व एकदा आमच्याकडे. बोलत काही नाही.