धाब्याला कठडा कोणी करावा?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाराविषयी एक लहानसा नियम आहे. ज्याने नवे घर बांधले त्याने धाब्याला कठडा करावा. न केल्यास आणि कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा त्याचा आशय. ज्यांची घरे धाब्याची आहेत व जे उन्हाळ्यात मुलाबाळांसह धाब्यावर निजतात, त्या आमच्या वाचकांस हा नियम समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, घरधन्याने कोणास ढकललेले नसते. त्या वेळी तो कदाचित शेतावरही असेल. तरी दोष त्याचाच. जे आपण केले नाही, परंतु जे आपल्या हाताखाली घडले, त्याचे उत्तर आपण कोठवर द्यावे, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, व त्यासाठी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात २०१८ साली घडलेली हकीकत सांगत आहोत.

तेथील विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडील कुलगुरूच समजावा. त्याच्यावर एक नियामक मंडळ असते व तेच त्यास नेमते आणि काढते. मेरीलँडचे अध्यक्ष त्या वेळी वॉलेस लो हे होते. हे गृहस्थ शांघाय येथे एका चिनी कुटुंबात जन्मले, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात वाढले, तरुणपणी शिकावयास अमेरिकेत आले आणि २०१० साली ह्या पदावर बसले. त्या देशातील विद्यापीठांत फुटबॉलचे मोठे प्रस्थ आहे. तो आपल्या मुलांच्या फुटबॉलासारखा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात व अंगावर अंग घालून अडवितात. हे सामने दाखविण्यासाठी दूरचित्रवाणीच्या कंपन्या कोट्यवधी डॉलर मोजतात, आणि फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचा पगार अध्यक्षाहून कितीतरी अधिक असतो. २०१४ साली मेरीलँड हे 'बिग टेन' नावाच्या धनाढ्य विद्यापीठ-संघात सामील झाले. त्या करारात लो ह्यांचा पुढाकार होता, व पैशाची गरज हे त्याचे मोठे कारण होते.

२९ मे २०१८ रोजी सरावाच्या वेळी खेळाडूंस ११० यार्डांचे अंतर दहा वेळा धावावयास लावले. जॉर्डन मॅकनेअर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा धावता धावता ढासळू लागला. वैशाखात खळ्यावर किंवा उसाच्या फडात माणूस पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांस उष्माघात म्हणजे काय ते ठाऊक आहे. अंगाची उष्णता १०४ अंशांच्या वर जाते, माणूस बरळू लागतो, आणि त्यापुढे एकेक मिनिटाला किंमत असते. डॉक्टर सांगतात की, अशा मनुष्यास आधी गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवावे व मग दवाखान्यात न्यावे. (जेथे बर्फ वा हौद नाही, तेथे विहिरीचे पाणी अंगावर सारखे ओतीत राहावे व वारा घालावा. आमच्या उपदेशक बंधूंनी हे आपापल्या गावी अवश्य सांगावे.) त्या मुलास पाण्यात बसविण्याचा विचार झाला होता, पण तो अंगाने फार मोठा, त्यास धरून ठेवणे साधणार नाही व तो बुडेल, अशी भीती वाटली म्हणून ते राहून गेले. रुग्णवाहिका त्यास घेऊन निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला, असे पुढे चौकशीत निघाले. मुलाचे यकृत निकामी झाले, दुसरे बसविले, तरी १३ जून रोजी तो वारला.

ऑगस्टच्या १४ तारखेस लो त्याच्या आईबापांस भेटले, व त्यांनी जाहीरपणे सांगितले की, कर्मचाऱ्यांच्या हातून त्या दिवशी ज्या चुका झाल्या त्यांची कायदेशीर व नैतिक जबाबदारी विद्यापीठ घेत आहे. मोठ्या संस्थेच्या तोंडून असे शब्द क्वचितच निघतात. वकील सहसा ते निघू देत नाहीत. त्यानंतर लवकरच नियामक मंडळाने चौकशी आपल्या हाती घेतली. ऑक्टोबरात अहवाल आला की, अनेक खेळाडूंस तोंड उघडण्याची भीती वाटत होती, आणि त्यामुळे दोष आतल्या आत वाढत गेले. इतके असूनही मंडळाची शिफारस अशी झाली की, रजेवर पाठविलेल्या प्रशिक्षकास परत कामावर घ्यावे. प्रशिक्षकास काढणे वा ठेवणे हा अधिकार अध्यक्षांचा होता. परंतु अध्यक्षांस काढणे हा अधिकार मंडळाचा होता. हे न ऐकाल तर आपणांस जावे लागेल, असे लो ह्यांस कळविण्यात आल्याचे वृत्त वर्तमानपत्रांनी दिले. ३० ऑक्टोबर रोजी प्रशिक्षक परत आले, आणि आपण पुढील जूनमध्ये निवृत्त होऊ असे लो ह्यांनी जाहीर केले.

मग मोठा गहजब उडाला. विद्यार्थी संतापले, अध्यापक संतापले, काही खेळाडू प्रशिक्षकाच्या सभेतून उठून गेले. राज्याच्या गव्हर्नरनेही मंडळास फेरविचार करावयास सांगितले. आठवड्यावर त्यांची स्वतःची निवडणूक होती, हेही सांगणे भाग आहे. ३१ तारखेस लो ह्यांनी मंडळाच्या इच्छेविरुद्ध प्रशिक्षकास काढून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

पुष्कळांनी लो ह्यांचा गौरव केला. आम्हीही प्रथम वाचले तेव्हा मनात शाबास म्हटले. परंतु नंतर एक शंका आली, ती अद्याप गेली नाही. ३० तारखेस जे सत्य होते तेच ३१ तारखेस होते. मुलगा साडेचार महिन्यांपूर्वी वारलेला होता, अहवाल पुढे पडलेला होता. बदल एवढाच झाला की, खुर्ची जाण्याचे निश्चित झाले होते आणि लोक पाठीशी उभे राहिले होते. पिलातापुढे जमाव ओरडला की, ह्यास खिळा. तोच जमाव, ह्यास सोड, असे ओरडला असता तर पिलाताने खात्रीने सोडले असते. मग आम्ही पिलातास न्यायी म्हटले असते काय?

जमाव नेहमी चुकतोच, असेही आमचे म्हणणे नाही. शौल राजाने लढाईच्या दिवशी शपथ घातली की, संध्याकाळपर्यंत कोणी अन्नास शिवू नये. लोक थकून गळून गेले, तरी बोलण्याची कोणाची छाती झाली नाही. योनाथानास शपथ ठाऊक नव्हती, त्याने मध चाखला. आणि राजा त्यास मारावयास निघाला तेव्हा लोकांनी आडवे होऊन त्यास सोडविले. तेव्हा जमाव राजाहून शहाणा ठरला. पण जमावाचा शहाणपणा हा काही आपला न्याय नव्हे. मंडळाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. त्या दिवशीच्या उपचाराचे काम प्रशिक्षकाकडे नव्हते, आणि एका मनुष्याची चाकरी ओरड झाली म्हणून एका रात्रीत घेणे ही चांगली वहिवाट नव्हे.

आमचे लक्ष जाते ते दुसरीकडेच. पुढे वर्तमानपत्रांत असे आले की, २०१७ साली, म्हणजे मुलगा वारण्याच्या सुमारे वर्षभर आधी, खेळाडूंची शुश्रूषा करणारे कर्मचारी क्रीडाविभागाच्या हाताखालून काढून स्वतंत्र ठेवावेत, अशी सूचना लो ह्यांजपुढे आली होती, आणि त्यांनी ती स्वीकारली नाही. ज्याचा पगार सामने जिंकण्यावर अवलंबून आहे त्याच्याच हाताखाली, सराव थांबवा, असे म्हणणारा मनुष्य असावा की नसावा, एवढाच तो प्रश्न होता. आमच्या मते कठडा करावयाचा तो त्या दिवशी होता. त्या दिवशी ना विद्यार्थी जमले होते, ना गव्हर्नर बोलले होते. लो ह्यांस खुर्ची सोडण्याची पाळी आली ती प्रशिक्षकाच्या वादापायी. कठड्याविषयी त्यांस कोणी राजीनामा मागितला नाही. अखेरीस ते जून २०२० पर्यंत पदावर राहिले. विद्यापीठाने २०२१ साली मुलाच्या आईबापांस पस्तीस लक्ष डॉलर देण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी त्या मुलाच्या नावाचा कायदा राज्यात झाला.

हे इतके तपशीलवार आम्ही का वाचीत बसलो, ते सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका बोर्डिंगच्या कमिटीवर होतो. स्वयंपाकघरामागे एक विहीर होती, तिला कठडा नव्हता. तेथील अधीक्षकांनी कठड्याच्या खर्चाचा अंदाज करून दोनदा पत्र पाठविले. पहिले पत्र आम्ही पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवले. दुसरे आले तेव्हा फाटकाचे काम निघाले होते, कारण पाहुणे यावयाचे होते. त्या पावसाळ्यात एक मुलगा पाणी शेंदताना पाय घसरून आत पडला. देवाच्या दयेने वाचला, पण पाय अधू झाला. गावात बोलबाला झाला, पंच आले, आणि आम्ही पाच जणांनी एकमताने अधीक्षकांचा राजीनामा घेतला. त्यांनी एक शब्द न बोलता तो लिहून दिला. आपली दोन पत्रे कमिटीच्या फाइलीत आहेत, हे त्यांस ठाऊक होते आणि आम्हासही ठाऊक होते. पंचांस ती कोणी दाखविली नाहीत. कठडा आठ दिवसांत बांधून झाला.

तो मुलगा आता बापया झाला आहे. आमच्याच मंडळीत येतो, व पाय पसरावयास जागा मिळावी म्हणून दाराजवळ बसतो. अधीक्षक दुसऱ्या जिल्ह्यात आपल्या लेकाकडे राहतात असे ऐकतो. त्यांस आम्ही इतक्या वर्षांत एकही पत्र लिहिलेले नाही. हा लेख छापखान्याकडे धाडण्यापूर्वी ते लिहावयास बसलो आहोत, आणि पहिल्या ओळीत त्यांस काय म्हणून संबोधावे तेथेच लेखणी अडली आहे.