विस्मरण, संहिता आणि आस्वादकाचे उत्तरदायित्व

संहितेचे विस्मरण हा कलावंताचा दोष मानावा काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु विसरल्याची कबुली कलावंत श्रोत्यांसमोरच देतो, तेव्हा त्या प्रश्नाला नैतिक परिमाण प्राप्त होते. जाझची ओळख अनेकांना ज्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून झाली, तिचा विचार ह्या दृष्टीने करण्याजोगा आहे.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या डॉइचलांडहालेत एला फिट्झजेराल्ड यांनी ‘मॅक द नाइफ’ गायिले. मूळ शब्द बर्टोल्ट ब्रेख्तचे, चाल कुर्ट वाइलची. १९२८ साली ह्याच शहरात रंगभूमीवर आलेल्या नाटकातील हे गीत. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच दोघांनाही देश सोडावा लागला. हे सभागृहही त्याच राजवटीने १९३६च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले. तेथे ही कृष्णवर्णीय गायिका गाताना शब्द विसरते, पण थांबत नाही. विसरल्याचेच यमक जुळविते, लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजाची नक्कल करते आणि गीत लयीवर तोलून धरते.

ह्याला निव्वळ ‘सावरून घेणे’ म्हणता येणार नाही. सावरून घेण्यात चूक झाकली जाते. येथे ती गीताचा विषय होते. ब्रेख्तला अभिप्रेत असलेले दूरीकरण, म्हणजे प्रेक्षकाला आपण प्रयोग पाहत आहोत ह्याचे भान देणे, येथे संहिता निसटल्यामुळेच साधते.

मराठी आस्वादकाला हा अनुभव परका वाटण्याचे कारण नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली ब्रेख्तचे हेच नाटक ‘तीन पैशाचा तमाशा’ ह्या नावाने मराठीत आणले, ही निवड अर्थपूर्ण आहे. वगात परंपरेने कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. संवाद नटाच्या हजरजबाबीपणावर उभे राहतात. जाझमध्येही चालीची चौकट ठरलेली आणि तिच्यातील संचार मोकळा असतो. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी देऊन ठरविलेला फड आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावी यात्रेत उभा राहतो आणि सोंगाड्या कथेबाहेर येऊन समोरच्या प्रेक्षकालाच बोलण्यात ओढतो. ह्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याची भावयित्री प्रतिभा जाझसाठी आधीच सिद्ध असते.

तथापि उत्स्फूर्तता म्हणजे नेहमीच स्वातंत्र्य, असे मानणे भाबडेपणाचे होईल. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर प्रयोगाच्या मध्येच प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात कलावंताची निष्ठा दिसते. खेळ पुरा झालाच पाहिजे ही सक्ती मात्र दिसेनाशी होते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या ह्या कलावंतीणीची अखेर २००२ साली विपन्नावस्थेत झाली. फिट्झजेराल्ड यांच्या विस्मरणाला ग्रॅमी पुरस्कार लाभला. दोन्ही प्रसंगी टाळ्या वाजविणारा प्रेक्षक समोर होता. परंतु चुकण्याची वा थांबण्याची मुभा दोघींना सारखी नव्हती.

ध्वनिमुद्रणाने ह्या प्रश्नात आणखी एक पेच निर्माण केला. एकदाच घडलेले विस्मरण तबकडीवर स्थिर होऊन स्वतःच संहिता बनले. दुसऱ्यांदा ऐकणारा त्या चुकीची वाट पाहतो. मैफलीतल्या श्रोत्याने पत्करलेली जोखीम त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून अशा श्रोत्याने आपल्या आनंदाची किंमत कोणी आणि कोणत्या परिस्थितीत मोजली, हेही विचारावयास हवे. हा प्रश्न आस्वादाबाहेरचा नाही. जाझ आणि तमाशा ह्या दोन्हींच्या आस्वादाचा तो घटकच आहे.