सावरून धरलेली पोर

ओतूरजवळच्या एका वाडीत टोमॅटोचा तोडा चालला होता. नारायणगावच्या बाजारात माल वेळेवर पोचायला हवा म्हणून सगळं घर रानात. बारावी झालेली पुतणी बांधावर उभी राहून क्रेट मोजत होती, ती एकाएकी पांढरीफटक पडली. चुलत्याने धावत येऊन काखेत हात घातले, तिला खाली पडू दिलं नाही. तिचे डोळे फिरले, हातापायांना झटके आले.

"फिट आली, फिट!"

कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल. शेवटी हात भरून आले तेव्हा तिला आडवी केली. पोरीने डोळे उघडून विचारलं, "किती क्रेट झाले?"

पुढेही असं घडत राहिलं आणि दर वेळी चुलत्याने तिला जिवापाड सावरून धरलं. आजीने वारं लागलं म्हणून उतारा टाकला. एक चांगलं स्थळ परत गेलं. झाकलेली गोष्ट सोयऱ्यांना बरोबर कळते.

मंचरच्या डॉक्टरांपुढे घरातले सगळे एकदम बोलू लागले. त्यांना थांबवून डॉक्टरांनी पोरीलाच विचारलं, "पडण्याआधी तुला काय होतं?" दर वेळी मी उभीच असते, ती म्हणाली. मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, निजवून आणि उभं करून रक्तदाब मोजला आणि टिल्ट टेबल टेस्टसाठी पुण्याला चिठ्ठी दिली.

या तपासणीत पेशंटला टेबलावर पट्ट्यांनी बांधतात आणि टेबल ७० अंशांपर्यंत उभं करतात. एरवी चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात. इथे पाय हलवायचेच नाहीत. कारण न सापडणाऱ्या चक्करेसाठी लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये ही रीत मांडली. पुण्यात पोरीची तपासणी सुरू झाली तेव्हा चुलता कोपऱ्यात उभा होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग जिभेखाली औषध दिलं. थोड्या वेळाने नाडी मंदावली, रक्तदाब घसरला, मान कलंडली, हाताला झटका बसला. चुलता झेपावला.

"काका, हात लावू नका!"

टेबल आडवं झालं. काही क्षणांत पोर शुद्धीवर.

"ही फिट नव्हे," डॉक्टर म्हणाले. "उभं राहून रक्त पायांत साठतं, नाडी आणि रक्तदाब उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं. आडवं झालं की ते पुन्हा पोचतं. शुद्ध हरपल्यावरही उभं धरून ठेवलं तर झटके येतात."

चुलता बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. डॉक्टर पोरीला समजावत होते: पाणी भरपूर पी, जेवणात मीठ थोडं वाढव, अंधारी आली की लगेच आडवी हो, तेवढी जागा नसेल तर पायांची अढी घालून घट्ट आवळ.

पुढच्या संकष्टीला लेण्याद्रीच्या दर्शनरांगेत तिने चुलत्याची बाही ओढली. त्याने खांद्यावरचं उपरणं खाली अंथरलं. "निज."

"अहो, धरा की तिला!" मागून कुणी ओरडलं.

चुलत्याने पुतणीचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. "बाजूला व्हा," तो म्हणाला, "जरा वारं येऊ द्या."